घाटात नाहीसा झालेला ब्रेक

मे महिन्यातली गोष्ट. आम्ही चौघे शिक्षक महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतो. गाडी आमच्यापैकीच एकाची. वय बारा वर्षे, पण दिसायला नीटनेटकी. निघण्यापूर्वी तिचे ऑइल बदलले होते, चाकांत हवा भरली होती, काचासुद्धा वर्तमानपत्राने लख्ख पुसल्या होत्या. अर्धाअधिक घाट उतरलो असू, तेव्हा काहीतरी करपल्याचा वास येऊ लागला. कोठे वणवा लागला असेल, असे कोणीतरी म्हणाले. पुढच्या वळणावर आमच्या मित्राने ब्रेक दाबला आणि पेडल काहीही विरोध न करता तळाला जाऊन टेकले.

त्याने पाय उचलून पुन्हा पुन्हा पेडल मारले. तिसऱ्या-चौथ्या वेळी थोडासा जोर लागल्यासारखे वाटले, पण गाडी थांबेना. मग त्याने दुसरा गिअर टाकला, पाठोपाठ पहिला, आणि हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. पुढची पाच मिनिटे कोणी बोलले नाही.

बोनेट उघडून पाहिले. ब्रेक ऑइलची डबी भरलेली होती. गाडीखाली गळतीचा एक थेंबही नव्हता. पुढच्या चाकांजवळ मात्र हात नेववत नव्हता. अर्ध्या तासाने मित्राने पुन्हा पेडल दाबून पाहिले, तर ते पहिल्यासारखे घट्ट! आम्ही पहिल्या गिअरमध्ये रांगत खाली आलो आणि पोलादपुरात एका गॅरेजात गाडी लावली. मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला.

"सर, ऑइल कधी बदललंय?"

"मागच्याच आठवड्यात."

"इंजिनाचं नाही हो. ब्रेकचं."

ब्रेक ऑइल कमी झाले की वरून ओततात, एवढेच आमच्या मित्राला ठाऊक होते. ते काढून बदलायचे असते, हे बारा वर्षांत त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्यानेही विचारले नव्हते. मिस्त्रींनी थोडे ऑइल काचेच्या पेल्यात काढून दाखवले. रंग कोऱ्या चहासारखा. शेजारी नव्या डब्यातले ठेवले, ते फिकट पिवळे, जवळजवळ पाण्यासारखे स्वच्छ.

गळती नाही, काही तुटलेले नाही, तरी ब्रेक गेला आणि थंड झाल्यावर आपोआप परत आला. हे कसे झाले? याचे उत्तर शोधताना जुन्या गाड्यांच्या इतरही अनेक दुखण्यांची ओळख होते. पण त्याआधी एक प्रयोग करू.

औषधांच्या दुकानातून दोन सिरिंज आणि सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा आणा. सुया अर्थातच नकोत. दोन्ही सिरिंज नळीने जोडा आणि आत पाणी भरा, एकही बुडबुडा राहू देऊ नका. आता एक दट्ट्या दाबला की दुसरा लगेच वर येतो. दुसऱ्यावर अंगठा ठेवून अडवून धरलात, तर पहिल्यावर दिलेला दाब अंगठ्याला जसाच्या तसा जाणवतो. मोटारीचा ब्रेक असाच चालतो. पेडलखालच्या मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ऑइल दाबतो, तो दाब बारीक नळ्यांतून चाकांपर्यंत जातो आणि तेथला दट्ट्या ब्रेक पॅडला लोखंडी चकतीवर दाबून धरतो. पास्कलचा नियम आपण शिकवतो, त्याचे हे रस्त्यावरचे रूप.

आता नळीत दोन-तीन मिलिलिटर हवा शिरू द्या आणि तोच प्रयोग पुन्हा करा. पहिला दट्ट्या मजेत आत जातो. अंगठ्याला मात्र जवळजवळ काहीच कळत नाही. द्रव दाबला जात नाही, वायू दाबला जातो. तुमचा सगळा जोर तो बुडबुडा लहान करण्यातच संपतो. पेडल पूर्ण तळाला गेले तरी मास्टर सिलिंडर जेमतेम काही मिलिलिटर ऑइल पुढे सारतो, तेव्हा तेवढाच बुडबुडा सगळा ब्रेक गिळायला पुरतो.

पण आमच्या गाडीच्या बंद नळ्यांत वायू आला कोठून? तो बाहेरून आलाच नव्हता. ती वाफ होती, आणि ती ऑइलमध्ये मुरलेल्या पाण्याची होती.

ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. बहुतेक गाड्यांत ग्लायकॉल ईथर जातीची रसायने असतात, आणि त्यांना पाण्याची ओढ असते. (म्हणूनच कमी पडले तर इंजिनाचे ऑइल त्यात ओतणे हा मोठा घात आहे. खनिज तेलाने ब्रेकमधली रबरी वायसरे फुगून निकामी होतात.) मीठ जसे पावसाळ्यात हवेतला ओलावा घेते, तसे हे ऑइलही घेते. डबीच्या झाकणातल्या बारीक छिद्रातून ओलावा येतो, चाकांजवळच्या रबरी नळ्यांच्या भिंतींतूनही झिरपतो. गाडी चाललीच पाहिजे असे नाही. घराखाली उभी असतानाही हे चालूच असते, आणि कोकणात नुसत्या उभ्या गाडीलाही चार महिने चांगलाच ओलावा मिळतो.

यावर नववीच्या एका मुलीने आम्हाला विचारले, "मग पाणी न शोषणारं ऑइल का वापरत नाहीत?" प्रश्न फार चांगला आहे. समजा, ऑइलने पाणी विरघळवून घेतले नाही. शिरणारे पाणी तर शिरणारच. ते थेंबाथेंबाने सर्वांत खालच्या जागी साठेल, आणि ती जागा म्हणजे चाकाजवळचा सिलिंडर, सगळ्या व्यवस्थेतली सर्वांत तापणारी जागा. तेथे ते शंभर अंशांच्या आसपासच उकळेल आणि एरवी लोखंड गंजवील. त्यापेक्षा ते सर्वत्र विरघळून पसरलेले परवडले. म्हणजे पाणी शोषणे हा या ऑइलचा नाइलाजाने पत्करलेला गुण आहे, आणि म्हणूनच त्याला मुदत आहे.

ही मुदत आकड्यांत पाहता येते. डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे छापलेले असते. डॉट ३ प्रतीचे कोरे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असे मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. शंभरात चार भागही पाणी नाही आणि उत्कलनबिंदू ६५ ते ७५ अंशांनी खाली! बहुतेक कंपन्या दोन-तीन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात ते यासाठी. आमच्या मित्राचे बारा वर्षांत एकदाही बदलले नव्हते.

आता उष्णतेचा हिशेब करू. वर्गात फळ्यावर घालायला हे गणित उत्तम आहे. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच, पोलादपूर पायथ्याशी. उतरण १,२०० मीटर धरू, आणि माणसांसकट गाडीचे वस्तुमान १,००० किलो. गाडीने गमावलेली स्थितिज ऊर्जा झाली १,००० × ९.८ × १,२००, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख ज्यूल. २५ अंशांच्या एक लिटर पाण्याला उकळी आणायला सुमारे ३ लाख १५ हजार ज्यूल लागतात. म्हणजे या ऊर्जेत ३७ लिटर पाणी, आंघोळीच्या दोन बादल्या, उकळतील.

हीच सगळी ऊर्जा पुढच्या चाकांच्या दोन लोखंडी चकत्यांत साठून राहिली तर? दोन्ही मिळून ८ किलो धरा, बिडाची विशिष्ट उष्णता ४६० ज्यूल. तापमान ३,००० अंशांहून अधिक वाढेल! लोखंड १,५३८ अंशांना वितळते. तसे होत नाही, कारण ऊर्जेचा बराच वाटा टायर आणि रस्ता यांच्यातला विरोध आणि समोरची हवा खातात, आणि चकत्यांनाही वारा लागत असतो. पण जेथे १५ मीटर चालले की १ मीटर खाली असा उतार आहे, तेथे ताशी ३० किलोमीटरचा वेग न वाढू देता उतरायचे, तर हे सगळे वजा जाऊनही सुमारे ४ किलोवॅट उष्णता ब्रेकना पोटात घ्यावी लागते. १,००० वॅटच्या चार इस्त्र्या चाकांत चालू ठेवल्यासारखेच हे. त्यांच्यापासून बोटभर अंतरावर आपले ३.७ टक्के पाण्याचे ऑइल आहे.

म्हणून उतारावर खालचा गिअर. चढताना जो गिअर लागेल तोच उतरताना ठेवावा, असे जुने ड्रायव्हर सांगतात ते अगदी शास्त्रशुद्ध आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर चाकेच इंजिनाला फिरवतात, आणि हवा ओढण्यात व दट्ट्यांच्या घर्षणात ऊर्जा खर्च होते. ती उष्णता रेडिएटर बाहेर टाकतो, आणि तो याच कामासाठी बसवलेला आहे. आमचा मित्र चौथ्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून उतरत होता. काही जण तर पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करतात. यात पेट्रोलही वाचत नाही. इंजेक्शन पद्धतीच्या इंजिनात गिअर असताना पाय काढला की इंधन बंदच होते, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला थोडे थोडे जळत राहते. आणि त्याहून धाडसी मंडळी किल्लीच फिरवतात! इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीन दाबांत संपते आणि पेडल दगडासारखे होते. स्टिअरिंग जड होते ते वेगळेच.

वाफ थंड झाली की पुन्हा पाणी होऊन ऑइलमध्ये विरते. म्हणूनच अर्ध्या तासात आमचे पेडल घट्ट झाले. अपघात होऊन गेल्यावर कोणी तपासायला आले असते, तर ब्रेक व्यवस्थित आढळला असता आणि सगळा दोष चालवणाऱ्यावर गेला असता. घाटातल्या किती अपघातांच्या बाबतीत असे झाले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

आणखी एका गोष्टीने आम्ही चकित झालो. आजच्या मोटारीत मास्टर सिलिंडरचे दोन स्वतंत्र भाग असतात. बहुधा एक भाग पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक सांभाळतो, दुसरा उरलेली दोन. एक नळी फुटली तरी दोन चाकांना ब्रेक राहावा, ही योजना. मग आमचे दोन्ही भाग एकदम कसे गेले? कारण दोन्हींत तेच जुने ऑइल होते आणि दोन्हींच्या वाट्याला एकेक तापलेले पुढचे चाक होते. दोन कुलपे लावली आणि दोन्हींच्या किल्ल्या एकाच खिळ्याला टांगल्या, असा हा प्रकार. हँडब्रेक वाचला, कारण त्यात ऑइलच नाही. तो साध्या तारेने मागची चाके धरतो.

पेडलची तक्रार नेहमी वाफेचीच असते असे मात्र नाही. पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड किंवा लायनर अतितापाने घसरू लागले आहेत. सिग्नलला उभे असताना दाबून धरलेले पेडल हळूहळू बुडत जाते, तर मास्टर सिलिंडरची वायसरे झिजली आहेत. पायाला येणारा हा अनुभव मिस्त्रींना नीट वर्णन करून सांगितला, तर त्यांचे निम्मे काम होते. "ब्रेक बरोबर नाही" एवढेच सांगितले तर ते बिचारे पॅड बदलून देतात.

वायसरांचा विषय निघाला, तेव्हा रबराकडे वळू. जुन्या गाडीत रबर किती ठिकाणी असते याची मुलांकडून यादी करून घ्या. टायर, रेडिएटरचे होज, पेट्रोलची नळी, फॅन बेल्ट, वायपरचे पाते, दारांच्या पट्ट्या, इंजिन ज्यांवर टेकलेले असते ते ठोकळे. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्यांचा गुंता, आणि गंधकाने त्यांच्यात जागोजाग टाके घातलेले असतात. हवेतला ऑक्सिजन वर्षानुवर्षे जादा टाके घालत राहतो, त्यामुळे रबर कडक होत जाते. ओझोन याच्या उलट करतो, ताणलेल्या साखळ्या तोडतो. एका पाटीवर दोन खिळ्यांत एक रबरबँड ताणून बसवा, शेजारी दुसरा सैल ठेवा आणि पाटी गच्चीत ठेवून द्या. काही आठवड्यांत ताणलेल्यावर आडव्या बारीक चिरा दिसतील, सैल मात्र बराच शाबूत असेल.

टायरच्या बाजूवर अशाच चिरा येतात. कारखानदार रबरात मेणासारखी संरक्षक द्रव्ये घालतात आणि टायर चालताना चेपला-सुटला की ती पृष्ठभागावर येत राहतात. त्यामुळे घडते ते गमतीचे आहे. नियमित चालणाऱ्या टायरला हे संरक्षण मिळते, सहा महिने दारात उभ्या गाडीच्या टायरला नीट मिळत नाही. "गाडी फारशी चाललेलीच नाही" ही जुनी गाडी विकणाऱ्याची लाडकी शिफारस. मीटर किलोमीटर मोजतो. ऑक्सिजन आणि ओलावा वर्षे मोजतात, आणि ते मोजणारे यंत्र डॅशबोर्डवर नसते.

टायरचे वय मात्र टायरवरच लिहिलेले असते. बाजूवर लंबगोल चौकटीत चार अंक सापडतील. २३१५ असेल तर २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षीच्या खोबणीत जागोजाग छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की खोली १.६ मिलिमीटर उरली. कायद्याने मोटारीला याहून कमी चालत नाही. पण नक्षी उत्तम आणि वय दहा वर्षे, असा टायर अधिक फसवा, कारण तो पाहून कोणालाच शंका येत नाही. गावातल्या गावात तो निभावतो. एकदा समृद्धी महामार्गावर तास-दोन तास सलग पळवला, तेही हवा कमी आणि डिकीत सामान भरलेले, की दर फेऱ्याला चेपणारी बाजू तापत जाते आणि आतल्या पोलादी तारांपासून कडक झालेले रबर सुटू लागते.

रेडिएटरच्या होजला चिमटा काढून पाहावा, अर्थात इंजिन गार असताना. कडकड वाजणारा किंवा लोण्यासारखा मऊ लागणारा, दोन्ही वाईट. रेडिएटरच्या झाकणाची गोष्ट प्रेशर कुकरची आहे. झाकणातली स्प्रिंग दाब धरून ठेवते म्हणून आतले पाणी ११५ ते १२० अंशांपर्यंत न उकळता राहते. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले की दाब एकदम उतरतो आणि त्यातले काही पाणी त्याच क्षणी वाफ होऊन बाकीचे तोंडावर उडवते. ओले फडके घेऊन हे झाकण उघडणारे वीर आम्ही पाहिले आहेत आणि त्यांचे भाजलेले हातही पाहिले आहेत. अर्धा तास थांबण्याला पर्याय नाही.

पेट्रोलची नळी याहून गंभीर. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्या हवेत ती कायम तयारच असते. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि जुन्या रबरांच्या काही जाती त्याने फुगतात किंवा मऊ पडतात. गाडीत बसल्यावर पेट्रोलचा वास आला तर "जुनी गाडी आहे, येतोच" म्हणून काच खाली करू नये. बोनेट उघडून नळी पाहावी.

विजेच्या दुखण्यांबद्दल थोडे सांगू. मोटारीत दिव्याला एकच तार जाते, परतीचा मार्ग म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. तार सांगाड्याला जेथे स्क्रूने जोडलेली असते तेथे गंज चढला, की तेथे थोडा विरोध निर्माण होतो. हेडलाइट सुमारे ५ अँपिअर ओढतो. विरोध अवघा ०.२ ओहम असला तरी एक व्होल्ट तेथेच गेला. हॅलोजन दिव्याचा उजेड व्होल्टतेपेक्षा फार झपाट्याने घटतो. १२ चे ११ व्होल्ट झाले तर उजेड सुमारे पाव भागाने कमी! वर प्लॅस्टिकची काच उन्हाने पिवळी पडलेली. मालक जादा वॅटचा बल्ब आणतो, त्याने वायर तापते, फ्यूज उडतो, आणि मग फ्यूजच्या जागी जाड तार येते. या साखळीतला पहिला दोष सँडपेपरने दोन मिनिटांत घासून निघाला असता.

सायलेन्सर गंजून भोके पडली की नुसता आवाज वाढत नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातल्या फटींतून आत येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातले हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. लग्नाच्या मांडवाबाहेर इंजिन आणि एसी चालू ठेवून काचा बंद गाडीत झोपणारे ड्रायव्हर दिसले, तर त्यांना जरूर उठवा.

आता सुरक्षेसाठीच बसवलेल्या एका वस्तूबद्दल. एअरबॅग फुगवायला डबीत रसायनाच्या वड्या असतात, त्या जळून क्षणार्धात वायू तयार होतो. ताकाता या जपानी कंपनीने यासाठी अमोनियम नायट्रेट वापरले. त्याचे स्फटिक ३२ अंशांच्या आसपास आपले रूप आणि आकारमान पालटतात. कंपनीने ते स्थिर राहावे म्हणून उपाय केले होते, पण उष्ण दमट हवेत दिवस-रात्रीच्या ताप-गारव्याने वर्षानुवर्षांत वड्या तडकू लागल्या. खडूचा अख्खा तुकडा आणि त्याचाच चुरा व्हिनेगरमध्ये टाकून पाहा. चुरा किती भराभर फसफसतो! तसेच तडकलेली वडी भलत्याच वेगाने जळते, डबीच फुटते आणि तिचे लोखंडी तुकडे बसलेल्याच्या अंगात घुसतात. जगभर कोट्यवधी एअरबॅगा परत मागवाव्या लागल्या, २०१७ साली ताकाताने दिवाळखोरी जाहीर केली. अमेरिकेत पहिल्यांदा फ्लोरिडासारखे दमट भाग निवडून गाड्या बोलावल्या गेल्या, हे आपल्या किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. भारतातही होंडासह काही कंपन्यांनी असे भाग फुकट बदलून दिले. जुनी गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली की कंपनीची पत्रे पहिल्याच मालकाच्या पत्त्यावर जातात. आरसी बुकवरचा चॅसिस नंबर कंपनीला कळवून विचारले की आपल्या गाडीचे काम राहिले आहे का ते समजते.

म्हणजे जुनी गाडी भंगारातच काढावी काय? आम्हाला तसे वाटत नाही. कुर्ल्याला बनलेल्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सी मुंबईत वीस-वीस वर्षे चालल्या, शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. टॅक्सीवाल्याचा पाय रोज दहा तास त्याच पेडलवर असतो, त्याला फरक त्याच दिवशी कळतो आणि तो भाग बदलतो. खासगी मोटारीची नोंदणी मात्र पंधरा वर्षांनी नव्याने करायची असते. तोपर्यंत ब्रेक ऑइलची किंवा टायरच्या वयाची चौकशी कोणी करीलच असे नाही.

घाटातून आल्यावर आमची नजर शाळेच्या फाटकाशी उभ्या राहणाऱ्या व्हॅनकडे गेली. नववीच्या मुलांना वही-पेन्सिल देऊन आम्ही टायरवरचे चार अंक टिपून आणायला सांगितले. व्हॅनचालक काकांची आधी परवानगी घेतली, त्यांचा रोष ओढवून हे काम होत नाही. सीएनजीवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये टाकीच्या तपासणीची तारीखही पाहायला सांगितली. २०० पट वातावरणीय दाब धरणारी ती टाकी दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते. एक काका आधी हसले, मग स्वतःच वाकून अंक वाचू लागले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मॅडम, पुढचे दोन बदलून टाकले."

आमच्या मित्राने पोलादपुरातच ब्रेक ऑइल बदलून घेतले. काही शे रुपये आणि पाऊण तास लागला. निघताना मिस्त्रींनी सहज डिकी उघडली आणि स्टेपनी बाहेर काढली. एकदाही रस्त्याला न लागलेली, नक्षी कोरी करकरीत. चार अंक वाचले, तर ती गाडीपेक्षा दोन महिन्यांनी मोठी निघाली.